समुद्रावरील हजेरी

इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांच्या मध्यें डोव्हरची सामुद्रधुनी आहे. अरुंद ठिकाणीं तिची रुंदी अवघी ३३ किलोमीटर असून तिच्यांतून दररोज चारशेंहून अधिक जहाजें जा-ये करितात. अशा या राजमार्गावरून एखादें कुटुंब दहा मीटर लांबीच्या शिडाच्या होडींतून रात्रीं पलीकडे जात आहे, अशी कल्पना आमच्या वाचकांनीं करावी. वारा अनुकूल असतां होडीचा वेग ताशीं ५ सागरी मैल. उलट, मोठ्या मालवाहू जहाजाचा २० मैल. त्याचे दिवे सहा मैलांवर दिसले, तरी तें अठरा मिनिटांत होडीपाशीं येऊन ठेपतें. धुकें पडलें असेल, तर तेवढाहि अवधि मिळत नाहीं.

हा धोका केवळ कल्पनेंतला नव्हे. सन २००६ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिणेस, वाइट बेटाजवळ, 'उझो' नांवाची लहान शिडाची नौका रात्रीं बुडाली व तिच्यावरील तिघेहि दर्यावर्दी प्राणांस मुकले. एका मोठ्या प्रवासी जहाजाचा तिला धक्का लागला असावा, किंवा त्याच्या लाटांनीं ती बुडाली असावी, असें सरकारी चौकशींत ठरलें. अगदीं जवळ येईपर्यंत ती नौका जहाजावर कोणास दिसली नव्हती.

अशा लहान नौकांच्या साह्यास हल्लीं एक यंत्र आलें आहे. त्यास ए. आय. एस., म्हणजे जहाजांची स्वयंचलित ओळख-यंत्रणा, असें म्हणतात. हें यंत्र उपग्रहांच्या साह्यानें आपलें स्थान, वेग व दिशा जाणून घेतें आणि जहाजाचें नांव व नऊ आंकडी ओळखक्रमांक यांसह ती माहिती बिनतारी लहरींनीं चोहोंकडे कळवितें. भारतीय जहाजांच्या क्रमांकाचा आरंभ ४१९ या आंकड्यांनीं होतो. परदेशगामी प्रवासी जहाजें आणि ३०० टन नोंदणीमापाचीं व त्याहून मोठीं इतर परदेशगामी जहाजें यांस सन २००४ च्या अखेरपासून हें यंत्र सक्तीचें झालें. लहान शिडाच्या होडीवर तशी सर्वसाधारण सक्ती नाहीं. तिच्यासाठीं अल्प शक्तीचें यंत्र निराळें असतें.

आतां शेंकडों जहाजें एकाच वेळीं बोलूं लागलीं, तर गोंगाट कां होत नाहीं, असें कोणी विचारील. याचें उत्तर वर्गांतील हजेरींत सांपडतें. सर्व मुलें एकदम ओरडलीं, तर गुरुजींस कांहींच कळणार नाहीं. प्रत्येकानें आपल्या पाळीनें 'हजर' म्हटलें, म्हणजे काम सुरळीत होतें. त्याचप्रमाणें येथें एका मिनिटाचे २२५० भाग पाडिलेले असून प्रत्येक यंत्र मोकळा भाग पाहून त्यांत आपला संदेश देतें. चालतें मोठें जहाज दर २ ते १० सेकंदांनीं हजेरी देतें. लहान होडीचें साधें यंत्र सामान्यतः दर ३० सेकंदांनीं.

होडींतील पडद्यावर प्रत्येक जहाज लहानशा त्रिकोणाच्या रूपानें दिसतें. तें आपल्यापासून किती अंतरावरून जाईल व सर्वांत जवळ किती मिनिटांनीं येईल, याचें गणितहि यंत्रच करितें. या लहरी बहुधा सरळ रेषेंत जातात. म्हणून एरियल डोलकाठीच्या शेंड्यावर बसवितात. जितकी उंची अधिक, तितका टप्पा लांब. कांहीं नौकांवर केवळ संदेश घेणारें यंत्र असतें. अशा नौकेस इतर जहाजें कळतात; परंतु ती स्वतः कोणास कळत नाहीं. 'उझो'ची हकीकत ध्यानांत घेतां, संदेश देणारें व घेणारें यंत्र असणेंच श्रेयस्कर, हें उघड आहे.

तथापि या यंत्राची मर्यादा विसरतां कामा नये. जो स्वतः हजेरी देतो, तोच यांत दिसतो. पुष्कळ लहान मच्छिमारी होड्यांवर हें यंत्र नसतें; वाहून आलेला ओंडका तर बोलतच नाहीं. आपल्या कोंकणच्या किनाऱ्याजवळ रात्रीं शीड उभारून जाणारानें पडदा रिकामा दिसला, म्हणून समुद्र रिकामा आहे असें मानूं नये. कोणी यंत्र बंद ठेवितो, कोणी माहिती चुकीची भरितो. आणि मोठ्या जहाजावरील अधिकाऱ्याची दृष्टि पडद्याकडे असेलच, असेंहि नाहीं. म्हणूनच सन १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं प्रत्येक नौकेस डोळ्यांनीं व कानांनीं सतत पहारा ठेवण्याची आज्ञा केली आहे. जुन्या खलाशांचा ताळाहि अद्याप खरा आहे: होकायंत्रानें पाहतां समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर टक्कर होणार असें समजून वेळींच उपाय करावा.

दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. दिवे दहाहि जणींजवळ होते. पांच जणींजवळ जादा तेल नव्हतें. होडींतील या यंत्राचें तेल म्हणजे त्याची बॅटरी. ती रिकामी होऊं न देणें हें पहिलें काम. आणि ती भरलेली असतांहि, आंत मुलें निजलीं असतां, वडील माणसानें सुकाणूंपाशीं बसून अंधारांत पाहत राहणें हें दुसरें. आमच्या पालकवाचकांस हें दुसरें काम अपरिचित नाहीं.