जॉर्ज इन : लंडनमधील एक जुनी पांथशाळा

लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर साउथवर्क नावाचा जुना भाग आहे. तेथील बरो हाय स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावरून बाजूच्या एका चौकात शिरले, की लाकडी सज्जांची एक जुनी इमारत दृष्टीस पडते. हीच जॉर्ज इन. घोडागाड्यांतून येणारे उतारू जेथे मुक्काम करीत, अशा सज्जेदार पांथशाळा एके काळी लंडनमध्ये पुष्कळ होत्या. त्यांपैकी आज ही एकच उरली आहे. आणि तीही पूर्ण उरलेली नाही.

पांथशाळा येथेच का उभी राहिली, हे समजण्यासाठी जुन्या लंडनचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत शहरापाशी नदी ओलांडण्यास लंडन ब्रिज हा एकच पूल होता. केंट, ससेक्स वगैरे दक्षिणेकडील परगण्यांतून येणाऱ्या गाड्यांना साउथवर्कमधूनच यावे लागे. रात्री पुलाचे दरवाजे बंद होत. उशिरा पोहोचलेल्या वाटसरूला मग नदीच्या अलीकडेच रात्र काढणे भाग पडे. त्यामुळे या रस्त्याच्या कडेने एकीला लागून एक अशा पांथशाळा उभ्या राहिल्या. जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ साली लंडनचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात साउथवर्कमधील नामांकित पांथशाळांमध्ये जॉर्जचाही उल्लेख आहे. शेजारीच टॅबर्ड नावाची पांथशाळा होती. चॉसर या कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यातील यात्रेकरू तेथेच एकत्र जमतात.

या इमारतींत लाकडाचा वापर फार असे. १६७६ साली साउथवर्कमध्ये मोठी आग लागली. तीत शेकडो घरे भस्मसात झाली. जॉर्ज आणि टॅबर्डही वाचल्या नाहीत. परंतु रस्ता वाहता होता आणि वाटसरूंची रीघ चालूच होती. म्हणून पुढच्याच वर्षी, १६७७ साली, जॉर्ज इन पुन्हा बांधण्यात आली. आज दिसणारी इमारत ती हीच.

आपल्याकडील धर्मशाळा पुण्याच्या हेतूने बांधलेली असे. इंग्लंडमधील पांथशाळा हा मात्र चोख व्यवसाय होता. मध्यभागी मोठा चौक, त्याच्या भोवती तबेले, स्वयंपाकघर व मद्यगृह, आणि वरच्या मजल्यांवर निजण्याच्या खोल्या अशी तिची रचना असे. खोल्यांपुढून लांबच लांब सज्जे गेलेले असत. गाडी थेट चौकात येऊन थांबे. मोतद्दार धावत येऊन दमलेले घोडे सोडीत, त्यांना वैरणपाणी करीत आणि ताज्या दमाचे घोडे जुंपीत. प्रवाशांना गरम जेवण, शेकोटीची ऊब व बीअरचा पेला मिळे. गाडीची वाट पाहणाऱ्यांसाठी जॉर्जमध्ये तळमजल्यावर वेगळी खोली होती.

प्रत्येक टप्प्यावर घोडे बदलणे, हेच या प्रवासाचे मर्म होते. भरधाव धावणारे घोडे साधारणपणे पंधरा-सोळा किलोमीटरनंतर थकत. म्हणून सर्व मोठ्या रस्त्यांवर अशा पांथशाळांची साखळीच तयार झाली होती. १७८४ साली जॉन पामर याच्या योजनेनुसार ब्रिस्टॉल ते लंडन अशी पहिली टपालगाडी धावली. सुमारे १९० किलोमीटरचे ते अंतर तिने सोळा तासांत तोडले. त्या काळी हा वेग विलक्षण मानला गेला. गाड्यांच्या वेळा सांभाळाव्या लागत, म्हणून पांथशाळांत भिंतीवर मोठाली घड्याळे लावलेली असत. १७९७ साली पार्लमेंटने घड्याळांवर कर बसविला. तो वर्षभरातच रद्दही झाला. तथापि या घड्याळांना ‘पार्लमेंटच्या कायद्याची घड्याळे’ हे नाव कायमचे चिकटले. असे एक घड्याळ जॉर्ज इनमध्ये जतन केलेले आहे.

जी गती माणसाला हवी होती, तिनेच पुढे या पांथशाळांचा घात केला. १८३६ साली जॉर्जपासून काही पावलांवर लंडन ब्रिज हे रेल्वे स्थानक सुरू झाले. १८४१ साली ब्रिस्टॉलपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि सोळा तासांचा प्रवास चार-साडेचार तासांवर आला. वाटेत घोडे बदलण्याचे कारण उरले नाही आणि मुक्कामाचेही उरले नाही. चार्ल्स डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत जॉर्जचा उल्लेख येतो; पण ती प्रसिद्ध झाली तेव्हा घोडागाड्यांचे दिवस सरले होते. शेजारची टॅबर्ड जमीनदोस्त झाली. जॉर्ज इन ‘ग्रेट नॉर्दर्न रेल्वे’ या कंपनीच्या हाती गेली. तिने तेथे मालाचे कोठार केले आणि १८८९ साली चौकाच्या दोन बाजू पाडून टाकल्या. केवळ दक्षिणेकडील बाजू तेवढी शिल्लक राहिली.

पुढे लोकांची दृष्टी पालटली. निरुपयोगी ठरलेली ही वास्तू जपली पाहिजे, असे वाटू लागले. जुन्या कंपनीची वारसदार असलेल्या रेल्वे कंपनीनेच १९३७ साली ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन केली. ज्या रेल्वेने पांथशाळेचे अर्धे अंग तोडले, तिनेच उरलेले अंग राखण्यासाठी समाजाच्या हाती दिले.

जॉर्ज इनमध्ये आजही लोक खातात, पितात, गप्पा मारतात. मात्र चौकात घोड्यांच्या टापा वाजत नाहीत. पाडलेल्या दोन बाजू आता कितीही धन खर्चले तरी परत येणार नाहीत. जुन्या वास्तूचा उपयोग संपला, म्हणजे तिचे मोलही संपले असे नव्हे, हे ती उरलेली एक बाजू मूकपणे सांगत उभी आहे.