शास्त्रवचनांचा ठावठिकाणा

धर्मविद्येच्या परीक्षांसाठी लिहिलेले निबंध आमच्याकडे तपासणीस येतात, तेव्हा एक विसंगती वारंवार नजरेस येते. पाश्चात्त्य टीकाकाराच्या ग्रंथाचे नाव, वर्ष व पृष्ठ लेखक कटाक्षाने देतो. पवित्र शास्त्रातील वचन मात्र अध्याय व आकडा देऊन सोडून देतो. तो आकडा कोणत्या भाषांतरातला, हे सांगण्याची त्याला गरज भासत नाही. बायबल तर सर्वांच्या घरी आहे, असा त्यामागील समज असावा.

हैदराबादेत हा समज फार काळ टिकत नाही. येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या मेजावर मराठी, इंग्रजी व तेलुगु अशी तीन बायबले असतात. तेलुगु शास्त्रात स्तोत्रांना ‘कीर्तनलु’ म्हणतात. कीर्तन म्हटले की आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे टाळ-मृदंग उभे राहतात, ती गोष्ट वेगळी! नावांची सवय होते. खरी अडचण आकड्यांची आहे.

अध्याय व वचने ही मूळ लेखकांनी पाडलेली नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन ह्यांनी केली असे मानतात; नव्या करारातील वचनांचे आकडे रॉबेर एतियेन ह्या मुद्रकाने १५५१ साली घातले. इब्री शास्त्रात स्तोत्राचा मथळाही वचन म्हणून मोजला जातो. म्हणून आपल्या ५१ व्या स्तोत्राचे पहिले वचन तेथे तिसरे ठरते. ग्रीक व लॅटिन परंपरेत ९ वे व १० वे स्तोत्र मिळून एकच आहे. त्यामुळे आपले २३ वे स्तोत्र जुन्या कॅथोलिक ग्रंथांत २२ वे असते. मलाखीचे आपले चार अध्याय इब्रीत तीन आहेत, तर योएलाचे तीन अध्याय तेथे चार होतात.

एका विद्यार्थ्याने आत्म्याच्या वर्षावाविषयी लिहिताना ‘योएल ३:१’ असा संदर्भ दिला. मराठी शास्त्र उघडले तर तेथे यहूदाच्या पुनःस्थापनेचा व राष्ट्रांच्या न्यायाचा विषय! विद्यार्थ्याने संदर्भ रचून घातला, असा संशय येण्यापर्यंत गोष्ट गेली. वास्तविक त्याने इब्री क्रमांक पाळणाऱ्या टीकाग्रंथातून आकडा जसाच्या तसा उचलला होता. आपल्याकडे ते वचन २:२८ आहे. चूक लहान होती, पण त्याच्या प्रामाणिकपणावरच बेतली. व्यासपीठावरून असा आकडा सांगणाऱ्या प्रचारकाचीही हीच गत होते. मंडळी पाने उलटीत राहते आणि वचन काही सापडत नाही.

ह्यास्तव पहिल्याच अवतरणापाशी भाषांतराचे नाव द्यावे. पुढे पुस्तक, अध्याय व वचन एवढे पुरे. पृष्ठांक देऊ नये. ‘मराठी बायबल’ असे नुसते म्हणणेही अपुरे आहे. केरींच्या सेरामपूरहून १८११ साली निघालेला नवा करार, पंडिता रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे बायबल आणि बायबल सोसायटीचे भाषांतर ह्यांची शब्दयोजना एक नाही. आणि निबंधाचा मुद्दा पुष्कळदा एका शब्दावरच उभा असतो. संक्षेपांतही जपावे. ‘यो.’ म्हणजे योहान, योएल की योना? ‘फिलि.’ व ‘फिले.’ ह्यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि मुद्रणात ती मात्रा हमखास उडते.

इतर धर्मग्रंथांना हाच न्याय लावावा. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाचा संदर्भ पुराण, अवस्वरू व ओवी अशा क्रमाने द्यावा. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. तेव्हा कोणते पुराण हे न सांगता दिलेला ‘अवस्वरू १२’ वाचकाला दोन दारांत उभा करतो. ज्ञानेश्वरीस अध्याय व ओवी पुरते. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक मात्र गाथेगणिक बदलतात, म्हणून कोणती गाथा ते लिहिलेच पाहिजे.

कुराणाचा उल्लेख सूरा व आयत ह्यांनी होतो. फ्ल्यूगेलच्या १८३४ च्या प्रतीवर विसंबलेल्या जुन्या युरोपीय ग्रंथांतील आयतींचे आकडे १९२४ च्या कैरो प्रतीशी अनेक ठिकाणी जुळत नाहीत. मार्माड्यूक पिकथॉल हे ह्याच हैदराबादेत निजामाच्या सेवेत होते, आणि १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथाला त्यांनी कुराण न म्हणता कुराणाचा अर्थ म्हटले. तेव्हा त्यांचे शब्द घेताना त्यांचे नाव घातलेच पाहिजे. ज्या शहरात शेजारी त्या ग्रंथाचे नित्य पठण करतो, तेथे त्याच्या शास्त्राचा चुकीचा आकडा छापणे आमच्या मते आपल्या शास्त्राच्या चुकीहून अधिक लाजिरवाणे आहे.

कोशांविषयी थोडेसेच. शब्दकोशाचा हवाला शब्दावरून द्यावा. मोल्सवर्थचा असेल तर १८३१ ची आवृत्ती की १८५७ ची, हे सांगावे. हेस्टिंग्जच्या धर्म व नीती ह्यांवरील विश्वकोशात लेखाखाली लेखकाची सही असते. ‘हेस्टिंग्ज म्हणतात’ असे लिहिले की संपादकाच्या तोंडी दुसऱ्याचे मत जाते. सही शोधावी, ते नाव आधी घालावे, मग लेखाचा मथळा व खंड.