‘लातू२’ वाचता येते, मग पासवर्ड लपेल कसा?

‘लातू२’, ‘३दगी२’. र च्या जागी दोन आणि उ च्या जागी तीन असूनही ही गावे वाचताना फारसे कोणी अडखळत नाही.

इंग्रजीत हा खेळ १९८०च्या दशकात संगणकवेड्या तरुणांनी रुजवला. टेलिफोनवरून जोडल्या जाणाऱ्या ‘बुलेटिन बोर्डां’वर निवडक, म्हणजे ‘एलिट’ मंडळींना खास कप्पे खुले असत. ‘एलिट’चे ‘लीट’ झाले आणि ते १३३७ असे लिहिले जाऊ लागले. इंग्रजी अंकांतला एक एलसारखा, उलटा ई म्हणजे तीन, सात म्हणजे टी.

मेंदूला हे जड का जात नाही? २००८ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी असे अंकमिश्रित शब्द पडद्यावर निमिषमात्र, वाचणाऱ्याला जाणवणारही नाहीत इतका वेळ दाखवले. त्यानंतर तोच शब्द नीट लिहून दाखवला, तेव्हा तो ओळखायला त्यांची मदत जवळजवळ खऱ्या शब्दाइतकीच झाली. मेंदू अंकाला अंक न मानता अक्षराच्या रांगेत बसवून टाकतो.

नीटच्या तयारीसाठी लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत आलेल्या मुलांचे काम इथेच अडते. अर्ज भरताना पासवर्डमध्ये अंक, चिन्ह मागितले जाते. मग स्वतःच्याच नावात ‘ओ’च्या जागी शून्य, ‘ए’च्या जागी ‘ॲट’ची खूण घातली की झाले! पण पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना ही अदलाबदल केव्हाच शिकवलेली आहे. अंक-चिन्हांचा आग्रह धरणाऱ्या २००३च्या अमेरिकी नियमांचे लेखक बिल बर यांनीही २०१७ मध्ये त्याबद्दल पस्तावा व्यक्त केला. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमांनी चिन्हांपेक्षा लांबीला महत्त्व दिले.

अक्षरबदल मराठीला नवा नाही. नांदेड जिल्ह्यातले माहूर ज्यांचे तीर्थस्थान, त्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत शतकानुशतके झाकून ठेवले. पंथात अंकलिपीही होती. सकळ लिपीत एका अक्षरासाठी ठरलेले दुसरे अक्षर येते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांना किल्ली सापडताच पोथ्या उघडल्या. तेव्हा हे काम माणसाला करावे लागले, आज यंत्र सेकंदाला असंख्य पर्याय तपासते.

म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत, उदाहरणार्थ कढई, रेल्वे, जांभूळ, खडू, मांजर. शिवाय मोबाइलवरच्या ओटीपीची दुसरी कडी लावावी. (हाच पासवर्ड मात्र घेऊ नये, तो आता छापून आला.)