'ढ' म्हणून हिणवू नका, पातळी ओळखून शिकवा

आपल्या वस्तीतील एखादे मूल चौथीत जाते, पण दुसरीचा धडा वाचता येत नाही. शाळेत त्याला 'ढ' म्हणतात, मग घरातही म्हणतात. पुढे त्या मुलालाच ते खरे वाटू लागते आणि एक दिवस दप्तर कोपऱ्यात पडते. आम्हांला वाटते, हा दोष त्याच्या बुद्धीचा नाही. पाया दुसरीत कच्चा राहिला आणि शिकवणे चौथीचे चालले, तर ते डोक्यावरूनच जाणार.

यावरचा उपाय मुंबईतच करून पाहिलेला आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोद्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाची अभ्यासकांनी पाहणी केली. मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वेगळी बसत. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी त्यांच्याकडून वाचन आणि अंक पक्के करून घेई. मुलांचे गुण वाढले. सर्वांत जास्त फायदा मागे असलेल्यांनाच झाला. या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बालसखी नसली तरी वर्गात हे साधते. बाईंनी प्रत्येक मुलाकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे क्रमाने वाचून घ्यावे. जिथे अडले, तिथून सुरुवात. भागाकार सर्वांनाच शिकवायचा. पण एका गटाने बारा चिंचोके तिघांत वाटावेत, दुसऱ्याने पाटीवर गणित सोडवावे, तिसऱ्याने स्वतः शाब्दिक उदाहरण रचावे.

मात्र गट कायमचे नकोत. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून मुलाला पुढच्या गटात न्यावे. वेगळे बसवण्याचे दुःख आपल्या आजा-पणजांनी शाळेच्या दाराबाहेर बसून भोगले आहे. मदतीच्या नावाखाली तशी रांग पुन्हा लागता कामा नये.

मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा बंधू-भगिनींनो, बैठकीला जा. "मार्क किती?" एवढ्यावर थांबू नका. "माझे मूल कुठे अडले आणि तिथून त्याला कसे शिकवणार?" हे विचारा. रात्री त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या. आपल्याला अक्षर येत नसले, तरी मूल कुठे अडखळते ते कानाला कळते.