पाटीवरचं पहिलं नाव

‘ॲडलर अँड सलिव्हन’ या शिकागोच्या पेढीतला सलिव्हन वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. ॲडलर बहुधा पाटीपुरता उरतो. खरं तर सलिव्हनची वेलबुट्टी ज्या भिंतींवर चढली, त्या उभ्या राहतील की नाही याचा घोर ॲडलरला असे.

डँकमार ॲडलर १८४४ मध्ये जर्मनीत जन्मला. वडील लीबमन ॲडलर ज्यू धर्मगुरू. दहा वर्षांच्या डँकमारला घेऊन ते अमेरिकेत आले. आधी डेट्रॉइटला, मग शिकागोला. पोरगा यादवी युद्धात तोफखान्यात होता, पुढे वास्तुकार झाला. १८७१ च्या आगीत निम्मंअधिक मध्यवर्ती शिकागो भस्मसात झालं आणि वास्तुकारांना कामाची ददात राहिली नाही. १८७९ च्या सेंट्रल म्युझिक हॉलने ॲडलरचं नाव झालं, १८८३ मध्ये सलिव्हन भागीदार झाला.

मग आलं ऑडिटोरियम. चार हजारांवर प्रेक्षकांचं नाट्यगृह, त्याला बिलगून हॉटेल आणि कचेऱ्या, वर सतरा मजली मनोरा. आणि खाली? मऊ, ओली चिकणमाती. पक्का खडक फार खोल. ॲडलरने लाकडी ओंडके, लोखंडी रूळ आणि काँक्रीट यांचा रुंद तराफाच मातीवर पसरला. मनोरा नंतर खचून शेजारच्या भिंतींना तडे जाऊ नयेत, म्हणून त्याच्या पायावर बिडाच्या लाद्या आणि विटा आधीच रचल्या. बांधकाम चढेल तसा हा भार उतरवत नेला. हिशेब चोख होता. पण पाया ठरल्यावर मालकांना दर्शनी भिंती विटांऐवजी जड दगडाच्या हव्याशा वाटल्या, आणि त्या भिंती आतल्या हलक्या भागापेक्षा जास्त खचल्या. मजल्यांना आलेला उतार पायांना जाणवावा इतका. मालकांची हौस आणि वास्तुकाराचा पाया, हा तंटा कुठल्याही बिल्डरला सांगून बघा.

आतला आवाज मात्र आजही दाद घेतो. छत रंगमंचापासून रुंदावत जाणाऱ्या कमानींचं. त्याच कमानींतून हवा खेळवलेली, त्यांच्यावरच विजेचे दिवे. गर्दी कमी असेल तेव्हा वरचे सज्जे बिजागरीच्या तक्तपोशीने झाकून घेता येत. ९ डिसेंबर १८८९ ला, उद्घाटनाच्या दिवशी, ऑपेरा गायिका अडेलिना पाटी तिथे गायली. पुढे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलसाठीही ॲडलरचा सल्ला घेतला गेला. वडील ज्या मंडळीचे धर्मगुरू होते, तिचं सिनेगॉगही याच पेढीने बांधलं. १९२२ मध्ये ते पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च झालं आणि तिथेच संगीतकार टॉमस डॉर्सीने गॉस्पेल संगीत वाढवलं.

१८९३ च्या मंदीने कामं आटली. दोन वर्षांनी घरखर्चाच्या चिंतेने ॲडलर एका लिफ्ट कंपनीत गेला. काही महिन्यांतच तो परतला, पण दुखावलेल्या सलिव्हनने भागीदारी पुन्हा जोडली नाही. १९०० मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी ॲडलर गेला. सलिव्हन त्यानंतर चोवीस वर्षं जगला. त्या काळात त्याला मिळाली ती बहुतेक लहान गावांतल्या छोट्या बँकांची कामं. गिऱ्हाइकं जोडण्याची कला ॲडलरकडे होती.