बाटलीविना आनंद

पौर्णिमेच्या वंदनेत पाचवे शील म्हणायची वेळ आली की काही बांधवांचा आवाज बारीक होतो. हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. अशाच एका पौर्णिमेला कार्यक्रम आटोपल्यावर आमच्या वस्तीतले एक हमाल बांधव सतरंजी गोळा करता करता आम्हाला म्हणाले, “भाऊ, दारू सोडा म्हणता ते पटतं. पण दिवसभर पोती वाहून आल्यावर दोन घटका डोकं हलकं व्हायला दुसरं काय आहे, तेवढं सांगा.”

आमच्याजवळ भाषण तयार होते, उत्तर नव्हते. दारूने घरे कशी बुडतात हे त्यांच्या घरच्या माउलीला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यात पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने माणसे दगावली. पारनेर तालुक्यातील निघोजच्या आया-बहिणींनी २०१६ साली मतदान करून बाटली आडवी केली. हे सारे खरे. परंतु बाटली आडवी झाल्यावर संध्याकाळ रिकामी राहते, तिचे काय करायचे? या प्रश्नाचा आम्ही शोध घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की आनंदाचा कारखाना आपल्या शरीरातच आहे. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी मेंदूत तयार होणारी, अफूतील मॉर्फिनसारखे काम करणारी द्रव्ये शोधून काढली. अशा द्रव्यांना पुढे एंडॉर्फिन हे नाव पडले. अंग मोडेपर्यंत काम केल्यावर किंवा खूप धावल्यावर वेदना बोथट होतात, त्यात यांचा वाटा आहे. पुढे १९९२ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतील आणखी एक द्रव्य सापडले. गांजातील द्रव्य मेंदूतल्या ज्या कुलपाला लागते, त्याच कुलपाची ही शरीराने घडवलेली किल्ली. शास्त्रज्ञांनी तिचे नाव ठेवले ‘आनंदामाइड’! ‘आनंद’ हा आपला शब्द त्यांनी मुद्दाम घेतला. भगवान बुद्धांची अखंड सेवा करणाऱ्या भदन्त आनंदांचे नाव ज्या शब्दाचे, तोच हा शब्द. बराच वेळ धावल्यावर मन जे तरंगू लागते, त्यामागे एंडॉर्फिनपेक्षा अशाच द्रव्यांचा हात अधिक असावा, असे अलीकडचे प्रयोग सांगतात.

म्हणजे ज्यासाठी आपला बांधव पगारातून पैसे मोजतो, त्यातले बरेचसे त्याच्या अंगातच फुकट आहे. ते बाहेर कसे काढायचे?

आम्ही वस्तीतील काही तरुणांना घेऊन एका रविवारी अकोले तालुक्यातील बारी गावी गेलो आणि कळसूबाई चढलो. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. लोखंडी शिड्या चढून माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग पायाखाली होते. एरवी चौकात पुडी तोंडात टाकून बसणारी पोरे तिथे लहान मुलांसारखी ओरडत होती. कोणी काही प्यायले नव्हते. एकजण उतरताना म्हणाला, “काका, असं तर कधीच वाटलं नव्हतं.”

डोंगर दर रविवारी जमत नाही. पण रोज पहाटे अर्धा तास झपाझप चालणे जमते. लेझीम जमते, कबड्डी जमते. गाणे तर आपल्या रक्तात आहे. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव गाऊन लोकांना जागे केले. त्या मैफलीत रात्रभर बसणाऱ्याला वेगळ्या नशेची गरज लागत नसे. दहा जण एका सुरात गातात तेव्हा मनावरचे ओझे कमी होते, याचा अनुभव प्रत्येक भीमगीत मंडळाला आहे. डोंगराएवढे काम अंगावर असतानाही बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपण मुलांना सांगतो का?

मात्र इथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. बाटलीविना मिळणाऱ्या आनंदातही धोके आहेत.

त्याच कळसूबाईवर आमच्यातील एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला. सकाळपासून पोटात अन्न नव्हते, पाण्याची बाटली मित्राच्या पिशवीत होती आणि पुढे जाण्याची ईर्षा होती. गूळ-शेंगदाणे आणि पाणी दिल्यावर तो सावरला. शिडीवर असताना भोवळ आली असती तर? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या अगदी कडेला उभे राहून फोटो काढणारे, पावसाळ्यात रंध्याच्या धबधब्याजवळ निसरड्या खडकावर उतरणारे तरुण आपण पाहतो. भीतीतून येणारी थरारी हीदेखील एक झिंग आहे. अंगात ॲड्रेनॅलिन उसळते, छाती धडधडते, आणि पुढच्या वेळी त्याहून मोठा धोका पत्करल्याशिवाय मजा वाटत नाही. दारूतही पेल्यांची संख्या अशीच वाढते ना?

विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांनाही एक सांगणे आहे. जोरजोराने श्वास घेऊन मग पाण्याखाली दम कोंडण्याची पैज लावू नका. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो, पण पाण्याखालीच शुद्ध हरपते आणि वर यायची सूचनाही शरीर देत नाही. चांगला पोहणाराही अशाने बुडतो. उन्हाळ्यात दुपारी धावणे, चाळिशीनंतर छातीत दुखत असताना एकदम व्यायामाला लागणे हेही तितकेच घातक. आधी डॉक्टरांना दाखवावे.

मिरवणुकीतील डीजेचेही तेच. छातीत घुमणारा आवाज झिंग आणतो. परंतु कानातील बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. लेसरचा झोत डोळ्यात गेला तर पडद्याला इजा होते. जयंती आनंदाची आहे, मग तिने आपल्याच लेकरांना बहिरे का करावे?

ध्यानाबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यना शिकवायला सुरुवात केली. आपल्या शेजारच्या इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचे. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, दिवसाला सुमारे दहा तास बैठक. शिबिराची फी नसते, त्यामुळे हे गरिबालाही खुले आहे. अनेकांना यातून शांती मिळाली. पण ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांच्यासाठी हे शिबिर नव्हे, असे विपश्यना केंद्रेच सांगतात. अर्ज भरताना आजार लपवू नये, चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. शिवाय तिथेही एक सापळा आहे. बसल्या बसल्या अंगात सुखद लहरी उठतात आणि साधक त्याच लहरींच्या मागे लागतो. गोएंका गुरुजी याबाबत वारंवार सावध करीत. सुखद संवेदनेची हाव ही पुन्हा तृष्णाच.

अडीच हजार वर्षांपूर्वी सोण नावाच्या भिक्खूने चालत चालत ध्यान करताना पायांतून रक्त येईपर्यंत स्वतःला राबवले. हाती काही लागेना म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? आणि फार सैल सोडली तर? सोणाला उत्तर तिथेच मिळाले. आपल्यालाही मिळायला हरकत नाही.

सर्वात महत्त्वाचे शेवटी सांगतो. जो बांधव रोज भरपूर पितो, त्याने आमचा लेख वाचून उद्या एकदम दारू बंद करून पळायला जाऊ नये! अचानक दारू तुटली की हात थरथरतात, घाम सुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. प्रथम सरकारी दवाखाना गाठावा. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारावे, मन फारच खचले असेल तर १४४१६ वर बोलावे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये उपचारांबरोबर योग आणि संगीतही असते. उपचार आधी, आनंद त्याच्या जोडीला, असाच क्रम हवा.

त्या हमाल बांधवांना आम्ही हेच सांगितले आणि दवाखान्यात त्यांच्यासोबत गेलो. मधे एकदा ते घसरले, पुन्हा उभे राहिले. आता संध्याकाळी मुलांच्या लेझीम पथकाला ताल धरून देतात. परवा त्यांच्या पत्नी आमच्या घरी येऊन म्हणाल्या, “वहिनी, आता ह्यांच्या पावलांचा आवाज आला की पोरं लपत नाहीत.”

एवढ्यासाठीच हा लेख लिहिला. आपल्या वस्तीत संध्याकाळी सातला काय चालू असते, याचा प्रत्येक मंडळाने विचार करावा.

जयभीम!