चष्म्याविना थ्रीडी! जग हरखले, घराघरांनी मात्र विचार केला

‘छोटा चेतन’ ज्यांनी चित्रगृहात जाऊन पाहिला, त्यांना तो चष्मा नक्की आठवत असेल. तो डोळ्यांवर चढवल्याशिवाय पडद्यावरची वस्तू हाताशी आल्याचा भास होतच नसे. २००९च्या डिसेंबरात आलेल्या ‘अवतार’ने थ्रीडीचे वेड पुन्हा जगभर पसरवले, पण चष्मा काही सुटला नाही. अशा वेळी २३ मार्च २०१० रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जाहीर केले, की हातात धरून खेळायचा नवा व्हिडिओ गेम येत आहे आणि त्यातले थ्रीडी चित्र चष्म्याविना दिसेल. नाव ‘थ्रीडीएस’.

मग काय, सगळीकडे कुतूहल! जून २०१० मध्ये लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात हे यंत्र प्रथमच लोकांच्या हाती पडले, तेव्हा ते पाहण्यासाठी रांगा लागल्या. गंमत अशी, की ही जादू टीव्हीवर किंवा मासिकातल्या फोटोत दाखवताच येत नव्हती. स्वतः डोकावल्याशिवाय खात्री पटायची नाही.

जादू कशाची?

आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू ती दोन चित्रे जुळवतो, म्हणून आपल्याला जवळ-दूर कळते. थ्रीडीएसच्या वरच्या पडद्यात बारीक उभ्या फटींचा एक थर बसवला होता. त्यामुळे डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला दुसरे चित्र दिसे. यंत्र अगदी समोर धरावे लागे. जरा हलले, की चित्र दुहेरी दिसू लागे. बाजूला एक सरकती कळ होती. तिने हा उठाव कमी करता येई, नाही तर पार बंदही करता येई.

आईवडिलांची शंका

कौतुकाची लाट ओसरण्याआधीच, डिसेंबर २०१० मध्ये, कंपनीनेच इशारा दिला. सहा वर्षे व त्याखालील मुलांना थ्रीडी चित्र दाखवू नये, कारण त्यांची दृष्टी अजून घडत असते. मोठ्यांनीही थ्रीडीत खेळताना दर अर्ध्या तासाने डोळ्यांना विश्रांती द्यावी. घरोघरचे आईवडील साहजिकच धास्तावले. ज्या खेळण्याचा डोळ्यांना धोका, ते मुलाच्या हाती कसे द्यायचे?

अमेरिकन ऑप्टोमेट्रिक असोसिएशन या नेत्रतपासनीसांच्या संघटनेने मात्र दिलासा दिला. बेताने खेळल्यास लहानांच्याही डोळ्यांना इजा होत नाही, असे तिचे म्हणणे होते. उलट ज्या मुलाला थ्रीडी दिसतच नाही किंवा पाहताना गरगरते, त्याच्या दृष्टीत दोष असू शकतो. अशा मुलाचे डोळे तपासून घ्यावेत, असा सल्ला तिने दिला. शिवाय पालकांना गुप्त क्रमांक टाकून थ्रीडीला कुलूप लावण्याची सोयही यंत्रात होतीच.

खिशाला चटका

फेब्रुवारी २०११ मध्ये थ्रीडीएस जपानात व मार्चमध्ये अमेरिकेत विक्रीला आला. किंमत जवळजवळ २५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ११ हजार रुपये! त्यात मनाजोगते खेळ थोडेच. मारिओचा नवा खेळ यायला नोव्हेंबर उजाडला. एप्रिल ते जून २०११ या तीन महिन्यांत जगभरात जेमतेम ७ लाख १० हजार यंत्रे खपली.

कंपनीला शहाणपण सुचले. ऑगस्टमध्ये किंमत एकदम १७० डॉलरवर आणली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्याने कापून घेतला. आधीच जास्त पैसे मोजलेल्यांची नाराजी दूर करण्यासाठी त्यांना २० जुने खेळ फुकट दिले. त्यानंतर विक्रीने जोर धरला.

थ्रीडीच वगळले!

ऑगस्ट २०१३ मध्ये ‘टूडीएस’ची घोषणा झाली. खेळ तेच, पण थ्रीडी नाही, घडी घालायची बिजागरीही नाही. पाटीसारखे सपाट आणि स्वस्त, १३० डॉलरचे. अनेकांना आधी ही थट्टाच वाटली. पण लहान मुलांच्या पालकांना हवे होते ते नेमके यात होते. डोळ्यांची काळजी नको आणि बिजागरी मोडण्याची भीती नको. २०२० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत या साऱ्या कुटुंबातली मिळून साडेसात कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. त्याआधीच्या ‘डीएस’ची विक्री मात्र १५ कोटींवर गेली होती, तीही थ्रीडीविना.

नव्या खेळण्याची घोषणा झाली, की मुले हट्ट धरणारच. तेव्हा लगेच रागावू नका, लगेच खरेदीही करू नका. ते मुलाच्या वयाला योग्य आहे का, त्यावर खेळण्याजोगे खेळ आज मिळतात का आणि रोज किती वेळ खेळायचे, हे मुलाला जवळ बसवून आधी ठरवा. चार महिने थांबलात, तर कदाचित किंमतही उतरलेली असेल!